ग्रीकांच्या समुद्रात माझी ओहोटी

सायकलस्टँडशेजारचं लाकडी खोपटं परवा पुन्हा उभं राहिलं. एर्लांगेनमध्ये वसंत आला की नाही हे मी झाडांवरून ठरवत नाही. झाडं लबाड असतात, मार्चमध्येच फुलतात आणि मग बर्फ पडलं की आपल्यालाच वेड्यात काढतात. खोपटं मात्र खोटं बोलत नाही. ते आलं की श्पार्गेल आला. बोटाएवढे जाड, पांढरेफटक कोंब. वाळूच्या वरंब्याखाली, उजेड लागू न देता वाढवलेले. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळतात. तेवढे दिवस इथली माणसं एकमेकांना भेटल्यावर हवेबद्दल न बोलता श्पार्गेलबद्दल बोलतात.

खोपट्यातल्या बाई मला ओळखतात. ‘दोन किलो?’ त्यांनी विचारलं.

‘एक.’

‘यंदाही तुमचा हॅम्बुर्गचा मित्र नाही?’

‘नाही.’

‘आल्झो,’ म्हणजे बरं तर, असं म्हणून त्यांनी एक किलोची पिशवी बांधली आणि वर मूठभर पार्स्ली दिली. परक्या देशात आपल्या दुःखाची दखल अशी पार्स्लीतून घेतली जाते. हे तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी मी आणि अव्याने हा श्पार्गेल न सोलता आमटीत टाकला होता, ती हकीकत आमच्या इमारतीत अजून सांगितली जाते. अविनाश म्हणजे अव्या, माझा पुण्याच्या कॉलेजातला खोलीसोबती. तो साताऱ्याकडचा, मी कोकणातला. दोघेही नोकरीसाठी जर्मनीत आलो. मी इथे वैद्यकीय यंत्रांच्या कामात आणि तो हॅम्बुर्गला विमानांच्या. तर ती आमटी. दिसायला शेवग्याच्या शेंगेसारखं काहीतरी, म्हणून आम्ही ते शेंगेसारखंच खाल्लं. दातांत धरायचं, ओढायचं, चघळायचं आणि चोथा ताटाच्या कडेला. दोघांनी बाल्कनीत बसून चोथ्याचे दोन व्यवस्थित ढीग केले. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर आपल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं, पाण्याची झारी खाली ठेवली आणि पाच मिनिटांत आमच्या दारात सोलाणं घेऊन उभ्या राहिल्या. ‘टोकाकडून खाली,’ त्या म्हणाल्या, ‘आणि दया न दाखवता.’ पुढे कळलं की बाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवलं. दया न दाखवता सोलण्याचा सराव तिथूनच असावा.

तेव्हापासून पद्धतच पडली. मे-जूनमधली पेंटेकोस्टची सुट्टी आली की अव्या हॅम्बुर्गहून आठवडाभर आमच्याकडे यायचा. सकाळी खोपट्यावर जायचं, दुपारी बाल्कनीत बसून सोलायचं, मेधा काहींना लोण्यात परतायची आणि काहींची दाण्याचं कूट घालून भाजी करायची. मेधा म्हणजे माझी बायको. तिचं मत असं की दाण्याच्या कुटाने जगातल्या कुठल्याही भाजीला सद्बुद्धी होते. आणि सालं उकळून सूप होईपर्यंत, संध्याकाळच्या त्या न संपणाऱ्या उजेडात, मी अव्याला माझी कादंबरी वाचून दाखवायचो.

हो, कादंबरी. माणसं परदेशात गेल्यावर ढोल-ताशाच्या पथकात जातात, क्रिकेट खेळतात, गणपतीच्या समितीत भांडतात. मी प्राचीन ग्रीकांवर कादंबरी लिहायला घेतली. तीही मराठीत. दर वर्षी दोन-तीन प्रकरणं व्हायची. ऐकणारा एक.

स्थळ, मिलेटस. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं एक जुनं ग्रीक बंदर. काळ, पर्शियन सैन्य दाराशी आलेलं तो. विषय कसा सुचला असं कुणी विचारलं की मी फार मोठं काहीतरी सांगायचो. खरं कारण असं की विद्यापीठाच्या ग्रंथालयात गरम असायचं, खुर्च्या चांगल्या होत्या, आणि त्या खुर्च्यांसमोरचं कपाट प्राचीन ग्रीसचं होतं. समोर कुक्कुटपालनाचं कपाट असतं तर मराठी वाचकांवर वेगळं संकट ओढवलं असतं.

पण अभ्यास मी मनापासून केला. माणूस इंजिनियर असला की त्याला सगळं मोजून हवं असतं. मिलेटसमधल्या घरांचे उंबरे किती उंच, दिव्यात तेल कुठलं, वहाणांचे पट्टे पायावर कुठून कुठे जातात, मेजवानीला लोक कुठल्या कुशीवर रेलतात, हे सगळं मला ठाऊक होतं. तिसऱ्या प्रकरणात माझ्या नायिकेने लिंबू पिळलं होतं. ते मी दोन आठवड्यांच्या वाचनानंतर काढलं आणि तिला व्हिनेगर दिलं. मेधा म्हणायची, ‘त्या बाईच्या स्वयंपाकघरात काय आहे ते तुला माहितीय. आपल्या घरात जिरं कुठे असतं ते सांग बघू.’

सगळं तपासलं. फक्त समुद्र तपासला नाही.

समुद्र कशाला तपासायचा? तो मला माहीत होता. मी खाडीकाठी जन्मलेला माणूस. आमच्या गावात घड्याळं होती, पण ती शोभेची. वेळ पाण्याची असायची. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर. तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चालली तर शाळा. भरतीला तर धक्क्याला लागायची. सुकतीला, म्हणजे ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, तर लांब चिखलापाशी थांबायची आणि अण्णा धोतर गुडघ्यावर घेऊन, वहाणा काखेत मारून, चिखल तुडवत जायचे. पलीकडच्या पोरांना मास्तरांच्या पोटऱ्यांवरच्या चिखलाच्या रेषेवरून त्या दिवशी पाणी कुठवर होतं ते कळायचं. अण्णांचा हिशेब ठरलेला. तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा तास निघाला. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी तळ उघडा. मला बाराखडीच्या आधी पाऊणकी आली.

तो चिखल मी अजून नाकात बाळगून आहे. उन्हाने तापलेला, खारट, थोडा कुजका. त्यात भोकं, भोकांत कुर्ल्या, आणि मधूनच उडी मारणारा चिखलातला मासा, निवटा. पाणी गेलं की खाडी आपलं सगळं उघडं टाकायची. फुटलेली मडकी, कुणाची हरवलेली पायताणं, गेल्या वर्षी बुडालेल्या होडीची बरगडी. दिवसातून दोनदा. लपवाछपवी नाही.

तर मिलेटसच्या बंदराला मी भरती-ओहोटी दिली. दिली असं म्हणण्यातही पाप आहे, मला वाटलं ती तिथे होतीच. ग्रीकांचे महिनेही चंद्राचेच निघाले तेव्हा मी ग्रंथालयात खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. माझा म्हातारा नावाडी, कादंबरीतला सगळ्यात शहाणा माणूस, तिथीची पाऊणपट करायचा. मिलेटसमध्ये! वाळूत काठीने आकडा ओढून! आणि त्या काठीच्या जोरावर सगळा शेवट उभा होता. पर्शियन आरमार शुद्ध चतुर्थीला पहाटे बंदरात घुसतं, नावाडी त्यांना घुसू देतो, बाकी कुणालाच कळत नाही हा वेडा गप्प का. आणि नऊ वाजता पाणी निघून जातं. शंभर गलबतं चिखलात कलंडतात. शेवटच्या ओळीत एक निवटा पर्शियन सेनापतीच्या ढालीवर उडी मारून बसतो.

तो निवटा मला स्वतःला इतका आवडला होता की मेधाच्या आईंना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘छान हो जावईबापू. पण तुम्ही थंडीत कानटोपी घालता ना?’

आता समुद्रकाठचा नसलेल्या अव्याने तरी मला शहाणं करावं? पण त्याचीही गंमत. साताऱ्याकडच्या त्या माणसाने भरती-ओहोटी पहिल्यांदा पाहिली ती हॅम्बुर्गला. तिथे समुद्र लांब, तरी नदी रोज वरखाली होते. तो बंदरातल्या फेरीबोटीने कामाला जायचा. पहिल्या वर्षीच त्याने मला उत्साहाने सांगितलं, ‘शिऱ्या, धक्क्यावर उतरायचा पूल असतो ना, तो सकाळी सपाट आणि घरी येताना असा चढ, की म्हाताऱ्या दम खात थांबतात. टाक हे तुझ्या मिलेटसमध्ये.’ मी टाकलं. एक कोकणातला आणि एक हॅम्बुर्गचा, दोघांनी मिळून ठरवलं की पाणी म्हणजे वरखाली होणारच. शंका घ्यायला तिसरं कुणी नव्हतं.

सातव्या वर्षीचा तो मोसम. तोच मला सगळा, तासातासाने आठवतो. कादंबरी पूर्ण झाली होती. पुण्याच्या एका प्रकाशकांनी स्वीकारली होती. पत्रात ‘सागराचे जिवंत चित्रण’ असे शब्द होते. मुद्रितं आलेली, ती तपासून महिनाअखेर परत पाठवायची, दिवाळीला पुस्तक. मी वागण्यात जरासा विनम्र झालो होतो. फार विनम्र झालो की मी असह्य होतो, हे मेधाचं निरीक्षण.

त्या वर्षी कोंब उशिरा आले पण जाड आले. दुपारची तीनची वेळ, बाल्कनीत ऊन, खाली चेस्टनटच्या झाडाची सावली. मी, मेधा, अव्या, आणि आपलं सोलाणं घेऊन आलेल्या फ्राऊ लिंडनर. चौघांच्या मध्ये वर्तमानपत्र, त्यावर सालांचा ढीग. ओल्या सालांना एक वास असतो, शेंगदाण्याच्या कोवळ्या वेलासारखा. मी त्या दिवशी फ्राऊ लिंडनरना पहिल्यांदाच कादंबरीचा शेवट सांगितला. सात वर्षं त्यांना एवढंच माहीत होतं की हेर बापट, म्हणजे श्रीयुत बापट, म्हणजे मी, काहीतरी ग्रीक लिहितात. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. ग्रीकच्या मास्तरणीला ग्रीक कादंबरी दाखवण्याइतका मी खुळा नव्हतो. पण मुद्रितं आल्यावर माणसाला धीर येतो.

जर्मनमध्ये रंगवून सांगितलं. आरमार घुसतं. नावाडी गप्प. पाणी निघून जातं.

‘कुठलं पाणी?’ फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

‘समुद्राचं. ओहोटीने.’

त्यांचं सोलाणं थांबलं. ‘हेर बापट, कुठल्या समुद्रात?’

‘एजियन.’

‘एजियनमध्ये एवढी ओहोटी नसते,’ त्या म्हणाल्या. मग मला समजलं नसेल असं वाटून त्यांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली. ‘असते ती इतकी. फार तर वीतभर. होडीचा तळ ओला राहतो.’

मी हसलो. खरंच हसलो. बिचारी बाई डोंगराळ मुलखातली, असं मनात आलं. मी अव्याकडे वळलो. ‘अव्या, सांग रे ह्यांना.’

अव्या सोलत होता. मान खाली. त्याच्या हातातला कोंब आधीच सोलून झालेला होता, तरी तो टोकाकडून खाली, टोकाकडून खाली, सोलतच होता. बोटाएवढा कोंब पेन्सिलीएवढा झाला. त्याने काही बोलायच्या आधी मला कळलं होतं.

‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘काय माहीत होतं?’

‘मी जाऊन आलो तिथे.’

‘कधी?’

‘तीन वर्षांपूर्वी. तुला सांगणार होतो. म्हटलं, मिलेटस बघून येऊ, फोटो आणू, तुला चकित करू. बंदर तर सापडलंच नाही. नदीने गाळ टाकून सगळं भरून टाकलंय, कापसाची शेतं आहेत तिथे. मग समुद्र जिथे आहे तिथे गेलो. पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि सकाळपासून बसलो. तुझ्या नावाड्यासारखा.’ तो थोडा हसला. ‘दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं. काठी आपली तिथेच, पाणी आपलं तिथेच. हॉटेलवाला विचारायला आला की साहेब, काही हरवलंय का.’

‘तीन वर्षं,’ मी म्हणालो. ‘तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून ऐकलंस. वा म्हणालास. आरमाराच्या प्रकरणाला तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.’

‘ते खरं होतं.’

‘सांगितलं का नाहीस?’

‘सांगायलाच आलो होतो त्या वर्षी. तू वाचायला लागलास. तो म्हातारा धोतर गुडघ्यावर घेतो...’

‘धोतर नाही. वस्त्र.’

‘धोतर रे. तू वस्त्र लिहिलंयस. तू मिलेटस वाचत नव्हतास शिऱ्या, अण्णा वाचत होतास. मी काय म्हणणार होतो? तुझ्या अण्णांना इथे यायला बंदी आहे, असं?’

यावर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्या क्षणी छापील लेखक होतो आणि छापील लेखकाचा अपमान झाला होता. त्यात दोन भाषांत. मी म्हणालो, ‘सोनल तुला सोडून गेली त्याचं मला आता नवल वाटत नाही. तिलाही कधी खरं सांगितलं नसशील. नुसतं वा म्हणत बसला असशील.’

सोनल त्याची बायको. ती पुण्याला परत गेली होती, तो मिलेटसला गेला त्याच वर्षी.

मेधा म्हणाली, ‘अहो!’ एरवी ती मला अरे म्हणते. अहो फक्त पाहुण्यांसमोर माझी लाज वाटली की. फ्राऊ लिंडनरना मराठीचा शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी आपलं सोलाणं पुसलं, म्यानात घातलं आणि उठल्या. अव्याने ती पेन्सिल वर्तमानपत्रावर ठेवली, हात धुतले आणि मेधाला विचारलं, ‘वहिनी, सुपात मीठ घालून ठेवू का?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. न बोलता जायचं, न बोलता हात करायचा, गाडी सुटताना वळून बघायचं नाही, असं सगळं मी मनात ठरवून गेलो होतो. पण गाडी पन्नास मिनिटं उशिरा. शोकांतिकेत असं होत नाही. आम्ही दोघं एकाच बाकावर, मध्ये त्याची बॅग. वीस मिनिटांनी त्याने मेधाने दिलेला डबा उघडला आणि न बोलता माझ्यापुढे केला. धपाटे होते. माझ्याच घरचे. मी एक घेतला. त्याच्याशी अबोला धरून त्याच्याच डब्यातला धपाटा खाताना मला स्वतःचाच इतका राग आला की दुसराही घेतला. गाडी आली. तो चढला. वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते त्यानेच पाळलं.

घरी आल्यावर मी इराला फोन केला. इरा आमची मुलगी, तेव्हा गार्चिंगला शिकत होती. मला कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं. मी मराठीत सगळं सांगितलं, ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, ‘पण बाबा, हे आम्हाला शाळेत सहावीत शिकवलं होतं.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘तू मला कधी वाचून दाखवलंस?’

हे खरं होतं. तिला देवनागरी आता धड वाचता येत नाही आणि मला तिच्यासाठी वाचायचं सुचलं नाही. सात वर्षं घरात एक माणूस असा होता की ज्याला एका वाक्यात मला वाचवता आलं असतं, आणि तो पलीकडच्या खोलीत भूगोलाचा अभ्यास करत होता.

मी मुद्रितं परत पाठवली. सोबत पत्र, की पुस्तक छापू नये, लेखकाला समुद्राबद्दल नवी माहिती मिळाली आहे. प्रकाशकांनी उलट लिहिलं की वाचकाला एवढं कळत नाही, छापून टाकू या पुस्तक. तेव्हा मला आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना कळत नव्हतं त्यांनी वा म्हटलं, ज्याला कळत होतं त्यानेही वा म्हटलं, आणि दोन्ही वा ऐकायला सारखेच.

मेधाला मी रोज थोडा थोडा राग सांगायचो. कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना. ‘शत्रूने केलं असतं तर समजू शकतो,’ असं मी म्हणायचो. आमच्या शत्रूंपैकी कुणाला एजियनबद्दल काही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, तरी म्हणायचो. एकदा ती म्हणाली, ‘तुला राग त्याचा आलाय की समुद्राचा?’

दोघांचा. पण समुद्राचा जास्त, हे मी तिला सांगितलं नाही. परक्या गोष्टीने फसवलं तर चालतं. लिंबाने मला फसवलं असतं, वहाणेच्या पट्ट्याने फसवलं असतं, तर मी कबूल केलं असतं, कारण त्यांची माझी ओळख नव्हती. जे ठाऊक नव्हतं ते सगळं मी तपासलं होतं. फसवलं ते फक्त पाठ असलेल्याने. अण्णांच्या पाऊणकीने. ज्या माणसाने मला आयुष्यात एकदाही चुकीची वेळ सांगितली नाही, त्याचा हिशेब मी नेऊन अशा पाण्यावर मांडला की ज्याला चंद्राचं काही पडलेलं नव्हतं. त्यात अण्णांची काय चूक? ते आपल्या चिखलात बरोबरच होते. मीच त्यांना वहाणा काखेत मारून कोरड्या धक्क्यावर उभं केलं.

आणि मग मी त्या न हलणाऱ्या समुद्राचा विचार करत बसायचो. रेग्निट्झ नदीच्या काठाने सायकल चालवताना, कामावर मीटिंगमध्ये लोक गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत असताना. जिथे पाणी कधी मागे हटतच नाही तिथली माणसं कशी असतील? आमच्या खाडीत पडलेलं काहीही सहा तासांनी दिसायचं. तिथे तळाशी गेलेली वस्तू तळाशीच. घागर पडली की गेली. दोन हजार वर्षं कुणाला दिसणार नाही. वर पाणी निळं, स्वच्छ, जिथल्या तिथे. अशा काठावर दोन मित्र तीन वर्षं समोरासमोर बसून श्पार्गेल सोलू शकतात.

गेल्या वर्षापासून मी कादंबरी नव्याने लिहायला घेतली आहे. आरमार चिखलात रुतत नाही. मिलेटस पडतं, जसं खरोखर पडलं होतं. नावाडी काठी घेऊन कडेला बसतो, पण पाणी काही त्याचं ऐकत नाही. निवट्याला मी हाकलून दिलं. त्या दिवशी जेवलो नाही, असं लिहायला आवडलं असतं, पण मेधाने आमरस केला होता.

ऐकायला आता फ्राऊ लिंडनर असतात. मी प्रकरण जर्मनमध्ये सांगतो, त्या लाल पेन्सिलीने कागदावर टिपतात. त्या कधीच वा म्हणत नाहीत. ‘हे असंभव आहे,’ म्हणतात. ‘हे शक्य आहे पण कंटाळवाणं आहे,’ म्हणतात. काल नावाड्याची मुलगी मरते तो प्रसंग मी सांगितला. माझा आवाज कापत होता. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘हो. पण तिच्या कानातले डूल त्या काळचे नाहीत.’ इतका सच्चा श्रोता मिळाल्यावर माणसाने सुखी व्हायला हवं. मी घरात आलो आणि मेधाला म्हणालो, ‘ह्या बाईपेक्षा तो खोटारडा बरा होता.’

‘मग कर फोन खोटारड्याला,’ ती म्हणाली आणि तिने फोन माझ्यासमोर ठेवला. परवा खोपट्यातून आणलेला श्पार्गेल सिंकमध्ये होता. एक किलो दोघांना फार होतो.

तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे बोटीचा भोंगा वाजत होता.

‘श्पार्गेल आलाय,’ मी म्हणालो.

‘इथेही आलाय. लाकडासारखा आहे.’

मग काही वेळ दोघेही त्या लाकडासारख्या श्पार्गेलवर बोललो. शेवटी मी म्हणालो, ‘अव्या, त्या दिवशी सोनलबद्दल मी जे बोललो ते...’

‘ते खरं होतं,’ तो म्हणाला. ‘म्हणून तर आलो नाही.’

तोच पुढे म्हणाला, ‘अण्णांचं मी तुला सांगितलं ना, ते अर्धंच. ती गेली त्या वर्षी माझ्याकडे वर्षाचा एकच आठवडा उरला होता. तुमच्या बाल्कनीतला. म्हटलं, याला सांगितलं तर हा कादंबरी फाडून टाकणार. मग पुढच्या वर्षी मला बोलावणार कशाला?’

‘गाढवा, मी असंच बोलावलं असतं.’

‘हे तू आता म्हणतोयस.’

तेही बरोबर होतं. त्या वर्षांत मी मित्राला बोलावत होतो की श्रोत्याला, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. तीन वर्षं मी स्वतःला फसवला गेलेला माणूस समजत होतो आणि त्या भूमिकेत बरा दिसत होतो. तो ज्या घरातून उठून माझ्याकडे यायचा त्या घरात काय घडत होतं, हे सात वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मी वाचत होतो ना.

‘नवीन लिहितोयस असं वहिनी म्हणाल्या,’ तो म्हणाला. म्हणजे मेधा त्याच्याशी बोलत होती. हेही मला माहीत नव्हतं. मी मेधाकडे बघितलं. ती सिंककडे तोंड करून, एकाएकी फार मन लावून सोलायला लागली होती.

‘लिहितोय,’ मी म्हणालो. ‘पण एक विचारू? खरं सांगशील? ओहोटी सोडून अजून काही होतं का, तुला कळलेलं आणि तू न बोललेलं?’

पलीकडे मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

‘तो वेशीवरचा पहारेकरी,’ तो सावकाश म्हणाला. ‘दुसऱ्या प्रकरणात मरतो. तू त्याला रीतसर चितेवर ठेवलास, दोन पानं खर्ची घातलीस.’

‘हो. मग?’

‘सहाव्या प्रकरणात तो दार उघडतो.’

मी धावत जाऊन जुनी मुद्रितं काढली. सहावं प्रकरण. पान उलटलं. दार उघडतो. वर ‘कोण आहे?’ असंही विचारतो. मी ते अकरा वेळा वाचलं होतं. प्रकाशकांनी वाचलं होतं, त्यांच्या मुद्रितशोधकाने त्याच ओळीत एक वेलांटी सुधारली होती. मेधा म्हणाली होती, मी एका बैठकीत वाचून काढलं. आणि तो मेलेला माणूस एवढी वर्षं दारात उभा राहून सगळ्यांना आत घेत होता.

‘शिऱ्या? आहेस ना?’

‘आहे.’

‘मग बस खाली,’ अव्या म्हणाला, ‘आणि सातवं काढ.’